यंत्र, युसी आणि बढतीचे गुण: तरुण प्राध्यापकांचे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या महाविद्यालयांतून संशोधन निधीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. यंत्रखरेदीचे पत्र पहिले, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखी काही जणांनीही विचारला आहे.

हिंगणा रोडवरच्या अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राचा सहायक प्राध्यापक म्हणून नियमित पदावर चौदा महिने झाले. वय ३४. एफटीआयआर यंत्र (अवरक्त किरणांच्या शोषणावरून पदार्थातले रासायनिक बंध ओळखणारे) घ्यायचे आहे. गेल्या वर्षीच्या प्रस्तावावर ‘बजेट नॉट जस्टिफाइड’ एवढाच शेरा आला. कुठे अर्ज करू आणि बजेट कसे मांडू?

आधी शेऱ्याचा अर्थ. रक्कम जास्त झाली असे त्यात म्हटलेले नाही. यंत्र आणि तुमचे काम यांचा सांधा परीक्षकाला दिसला नाही, असा बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. तीन वर्षांत किती नमुने तपासणार, एका नमुन्याचे किती स्पेक्ट्रा घेणार आणि आज ते कुठून करून घेता, या तीन ओळी बजेटखाली लिहिल्या नाहीत की बारा लाखांचे यंत्र हवेत लटकते. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची यंत्रे वापराच्या दरासह दिसतात, आणि परीक्षकही ते पोर्टल पाहतात. नागपुरात व्हीएनआयटी आणि नीरी या मोठ्या संस्था हाकेच्या अंतरावर असताना वर्षाला साठ नमुन्यांसाठी स्वतःचे यंत्र का, हा प्रश्न कुणीही विचारील. नमुने कमी असतील तर सरळ ‘चाचणी शुल्क’ असे खर्चाचे शीर्ष घाला. यंत्र हवेच असेल, तर नमुना बाहेर नेईपर्यंत त्यात काय बिघडते ते लिहा: ओलावा धरतो, ऑक्सिडाइज होतो किंवा अभिक्रिया चालू असतानाच मोजायची आहे. या कारणापुढे परीक्षकाला फारसे बोलता येत नाही.

योजनेचे म्हणाल तर तुमच्यासाठी पहिले दार एएनआरएफचे. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभे राहिले आणि जुने ‘सर्ब’ (सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड) त्यात विलीन झाले. त्यांच्या प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँटमध्ये तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत निधी मिळतो, ओव्हरहेड (संस्थेच्या सोयींचा खर्च) वेगळे. वयोमर्यादा ४२, काही प्रवर्गांना सवलत, आणि पद नियमित हवे. रुजू तारखेपासून मोजली जाणारी अट जाहिरातीत असेल तर ती पहिल्यांदा वाचा. या गटातल्या योजनांत वयापेक्षा रुजू तारखेवरच जास्त जण बाद होतात.

दुसरी वाट ‘टेअर’ची. राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी मोठ्या संस्थेत जाऊन संशोधन करावे यासाठी सर्बने ती आखली. तीन वर्षे, वर्षाला ५ लाख निधी, दोन्ही संस्थांत निम्मा-निम्मा, शिवाय शिक्षकाला वर्षाला ६०,००० रुपये. अट अशी की यजमान संस्थेत वर्षातले किमान ९० दिवस काम करायचे. नागपूरकराला हे जमण्यासारखे आहे. उन्हाळी सुट्टीतले ३५, दिवाळीचे १५ आणि वर्षभरातले ४० शनिवार धरले की हिशेब जुळतो. फक्त प्राचार्यांकडून शनिवारच्या तासिकांचे आधी लेखी ठरवून घ्या. तोंडी होकार नॅकच्या मूल्यांकन समितीची भेट जवळ आली की विरतो.

आता बजेट. समजा एफटीआयआरचे कोटेशन १२,००,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,१६,०००, एकूण १४,१६,०००. सार्वजनिक निधीवरच्या संशोधन संस्थांना पूर्वी ५ टक्क्यांची सवलत होती. ती १८ जुलै २०२२पासून गेली. विभागातले जुने प्रस्ताव नमुना म्हणून समोर ठेवणारे आजही ५ टक्के टाकतात आणि मंजुरीनंतर दीड लाखाचा खड्डा कुठून भरायचा म्हणून फिरतात. कोटेशन ‘एफओआर नागपूर’ मागा, म्हणजे वाहतूक, विमा आणि बसवून देणे त्यात येते. मुंबईपर्यंतचाच दर दिलेला असेल तर पुढचा खर्च तुमच्या माथी. कोटेशनची मुदत साधारण ९० दिवस, मंजुरी येते आठ-दहा महिन्यांनी, त्यात यंत्र आयातीचे असेल तर डॉलरही हलतो. म्हणून दरवाढीला जागा ठेवा आणि तशी टीप लिहा.

जेआरएफचा (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधन फेलोचा) हिशेबही असाच आकड्यांत मांडा. जानेवारी २०२३पासून जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ (तिसऱ्या वर्षापासूनचा वरिष्ठ फेलो) ४२,०००. घरभाड्यासाठी नागपूर शहरांच्या ‘वाय’ गटात, सध्या २० टक्के. पहिली दोन वर्षे महिना ४४,४००, म्हणजे वर्षाला ५,३२,८००. तिसऱ्या वर्षी महिना ५०,४००, वर्षाला ६,०४,८००. तीन वर्षांचे झाले १६,७०,४००. घरभाडे विसरलात तर तीन वर्षांत पावणेतीन लाखांहून जास्त कमी पडतात, आणि ते रसायनांच्या शीर्षातून उचलायला परवानगी लागते.

एक गोष्ट नागपूरची म्हणून सांगायलाच हवी. एफटीआयआरमधला बीम-स्प्लिटर (किरणांचा झोत दुभागणारा भाग) बहुधा पोटॅशियम ब्रोमाइडचा असतो, आणि हे मीठ हवेतला ओलावा शोषून धुरकट होते. आपल्याकडे मार्च संपला की प्रयोगशाळेच्या खिडकीला कूलर लागतो. बाहेर कोरडे ४५ अंश, आत वाळ्यातून आलेली ओली हवा. पावसाळ्याने नव्हे, कूलरने यंत्रे आंधळी होतात: आधी सिग्नल हळूहळू उतरतो, मग कुणीतरी सोर्स (किरणांचा उगम) बदलतो, त्याने काही होत नाही, आणि शेवटी बीम-स्प्लिटर बदलायचे मोठे बिल येते. यावर उपाय दोन. यंत्राच्या खोलीत कूलर नको, एसीच हवा. एसी आणि फर्निचर प्रकल्पाच्या पैशातून सहसा मिळत नाही, म्हणून ‘ही सोय महाविद्यालय करील’ असे प्राचार्यांच्या सहीने जोडा. परीक्षकाच्या नजरेत त्या पत्राचे वजन पडते. दुसरा उपाय, झिंक सेलेनाइड ऑप्टिक्सचे कोटेशनही मागवा. ते ओलाव्याला दाद देत नाही, पण त्याचा पल्ला ५०० वेव्हनंबरच्या (सेमी⁻¹) आसपास थांबतो. धातू-ऑक्सिजन बंधांची शिखरे त्याखाली पाहायची असतील तर ते तुमच्या उपयोगाचे नाही. सिलिका जेलची पुडी दोन्हीत बदलावीच लागते. निळ्याची गुलाबी झाली की बदला, सत्र संपायची वाट पाहू नका.

शेवटी एन्डॉर्समेंट, म्हणजे अर्जासोबतचे संस्थेचे संमतिपत्र. महाविद्यालयाच्या संगणकात पडलेल्या जुन्या साच्यावर अजून ‘सर्ब’ लिहिलेले असते. ज्या योजनेला अर्ज करता तिच्या जाहिरातीसोबतचाच नमुना घ्या. सही, शिक्का आणि तारीख तिन्ही हवे. अर्जाची शेवटची तारीख आणि प्राचार्यांची रजा एकाच आठवड्यात येते, हा नियम कुठल्याही राजपत्रात नसला तरी पक्का आहे.

पीएच.डी. झाली आहे, विषय वनस्पतिशास्त्र, वय ३३. सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. मी प्रकल्प मागू शकतो का? ही सहा वर्षे पुढे धरली जातील का?

विज्ञानाच्या बहुतेक प्रकल्पांना मुख्य संशोधक नियमित पदावरचा लागतो. त्यामुळे सीएचबीवरून, म्हणजे तासिका तत्त्वावरून, ते दार बंद आहे. सहसंशोधक म्हणून नाव घालू असे कुणी म्हटले तर जाहिरातीत सहसंशोधकाची पात्रता वाचूनच हो म्हणा. पुष्कळदा तीच अट त्यालाही असते.

तुमच्यासाठी खरी वाट नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपची. मुदत दोन वर्षे, वयोमर्यादा ३५ आणि राखीव प्रवर्ग, महिला व दिव्यांगांना पाच वर्षे सवलत. फेलोशिपखेरीज वर्षाला २ लाख संशोधन खर्चाला मिळतात. तुम्ही खुल्या प्रवर्गात असाल तर दोनच वर्षे हातात आहेत, म्हणजे फार तर दोन-तीन जाहिराती. मेंटर तुमचा पीएच.डी.चा गाइड नसावा, आणि विषयही त्याच प्रबंधाचे शेपूट वाटू नये. वनस्पतिशास्त्रवाल्याने वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था किंवा नीरी पाहावी. संमतीसाठी मेल पाठवताना सोबत दोन पानी टिपण जोडा. नुसत्या ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे’ या ओळीला उत्तर येत नाही. फेलोशिप पूर्णवेळ आहे, तासिका सोडाव्या लागतील.

सहा वर्षांबद्दल कडू आहे, पण सांगतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरण्यासाठी एक अट अशी आहे की त्या काळात मिळालेले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. तासिकेच्या मानधनात ते बसत नाही. तरीही दर सत्राचा नेमणूक आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि मानधन जमा झाल्याची बँकेची नोंद एकत्र ठेवा. मुलाखतीच्या आधीच्या छाननीत अनुभवाचे गुण मागितले तर तिथे हे कागद लागतात.

समाजशास्त्र, पहिलाच प्रकल्प. गडचिरोली जिल्ह्यातल्या ३०० कुटुंबांचे सर्वेक्षण करायचे आहे. आयसीएसएसआरला (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेला) पाठवते आहे. क्षेत्रकार्याचा खर्च कसा काढू? अंदाजे दोन लाख टाकले तर चालेल का?

अंदाजे टाकू नका. उलटीकडून या. तासाभराची प्रश्नावली आणि विखुरलेल्या वाड्या असतील तर एक जण दिवसाला पाचच करतो. कागदावर आठ दिसतात, प्रत्यक्षात निम्मी घरे बंद असतात. ३०० भागिले ५ म्हणजे ६० माणूस-दिवस. दोन अन्वेषक असतील तर ३० कामाचे दिवस, त्यात सहा दिवस जाण्यायेण्याचे आणि चार दिवस पूर्वचाचणीचे. म्हणजे ४० दिवसांचे दोघांचे मानधन, मुक्काम, जेवण आणि गाडी. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या गावांत दुभाषा लागेल. त्याचे मानधन वेगळ्या ओळीत दाखवा, अन्वेषकाच्या मानधनात लपवू नका. परीक्षक समाजशास्त्राचा असेल तर दुभाषाची ओळ नसणे त्याला खटकते.

कॅलेंडर तर पैशाहून महत्त्वाचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. नोव्हेंबरात धानाची कापणी. मार्च-एप्रिलला मोहफुले वेचायला लोक पहाटेच रानात जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता. सलग ३० दिवस माणसे घरी सापडतील असा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. प्रकल्प एप्रिलमध्ये मंजूर झाला तर पहिले आठ महिने साहित्य-आढावा, प्रश्नावली आणि पूर्वचाचणीला द्या, आणि कालतक्त्यात तसे कारणासह लिहा. ‘महिना ४ ते ६: माहिती संकलन’ असे डोळे झाकून लिहिलेले आणि तो नेमका जुलै निघालेला, असे तक्ते परीक्षकांना नेहमी दिसतात.

ग्रामसभेची परवानगी आणि तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीचे पत्र शक्य तर प्रस्तावासोबतच जोडा.

पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये आला. मार्च जवळ आला तरी निम्माही खर्च नाही. लेखा विभाग म्हणतो, ३१ मार्चच्या आत काहीही करून बिले लावा. काय करू?

‘काहीही करून’ मुळीच करू नका. शिल्लक राहिलेली रक्कम युसीत (निधी वापराच्या प्रमाणपत्रात) शिल्लक म्हणून दाखवणे हा गुन्हा नाही. पुरवठादाराला आगाऊ दिलेली रक्कम खर्च म्हणून दाखवणे मात्र लेखापरीक्षणात हमखास सापडते. ऑर्डर दिली आहे पण माल आलेला नाही, असे असेल तर ते ‘कमिटेड’ म्हणून वेगळे दाखवा, सोबत ऑर्डरची प्रत. पैसा झिरो बॅलन्स खात्यातून (ज्यात रोख रकमेऐवजी खर्चाची मर्यादा दिलेली असते) येत असेल तर न वापरलेली मर्यादा वर्षअखेरीस परत जाऊ शकते. म्हणून फेब्रुवारीतच निधी देणाऱ्या संस्थेला पत्र लिहून शिल्लक पुढच्या वर्षी वापरायची परवानगी मागा. जुन्या पद्धतीच्या बचत खात्यात पैसे असतील तर त्यावरचे व्याज तुमचे नाही, ते भारतकोश पोर्टलमार्फत सरकारजमा करायचे असते. हे विसरल्यामुळे दुसरा हप्ता अडलेले बरेच आहेत.

बिल हातात आले की पाच गोष्टी पाहा. बिल संस्थेच्या नावावर आहे, तुमच्या नव्हे. तारीख मंजुरीनंतरची आणि प्रकल्प संपण्याआधीची आहे. जीएसटी क्रमांक आहे. मागे स्टॉक रजिस्टरचे पान आणि अनुक्रमांक लिहिला आहे. आणि शीर्ष तेच आहे ज्यातून पैसे जाणार. शेवटचे सगळ्यात जास्त चुकते. ग्लासवेअर कन्झ्युमेबलमध्ये की इक्विपमेंटमध्ये यावर लेखा विभागाशी खरेदीच्या आधीच बोला, नंतर नव्हे. खरेदी जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) शोधल्याशिवाय करू नका. तिथे वस्तू नसेल तर तसा अहवाल पोर्टलवरूनच काढून फाइलला लावा. कोटेशनशिवाय खरेदी, खरेदी समिती आणि निविदा यांच्या रकमेच्या मर्यादा अलीकडे वाढल्या आहेत, म्हणून तुमच्या फाइलमध्ये जुन्या नव्हे, चालू आदेशाची प्रत असू द्या.

ऑक्टोबर ते मार्च खर्च का झाला नाही, याचे उत्तर बहुधा जेआरएफमध्ये असते. जाहिरात, अर्ज, निवड समिती, रुजू होणे यात तीन महिने जातात. पुढच्या वेळी मंजुरीपत्र आल्याच्या आठवड्यात जाहिरातीचा मसुदा प्राचार्यांपुढे ठेवा. आणि प्राचार्य निवृत्त होणार असतील तर पीएफएमएस (सरकारी निधीची ऑनलाइन प्रणाली) आणि बँकेतल्या सह्या बदलायला काही आठवडे लागतात, त्या काळात विद्यार्थ्याची फेलोशिप थांबते. ती थांबू नये म्हणून त्या महिन्याचे बिल आधीच पुढे सरकवा.

माझ्याकडे अकरा पेपर आहेत, प्रकल्प एकही नाही. प्राध्यापकपदासाठी पेपरांवर निभावेल ना? शिवाय यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद झाली, मग जुने पेपर बाद का? सात दिवसांत ४,५०० रुपयांत पेपर छापून देतो, असा मेलही आलाय.

नुसत्या पेपरांवर निभावत नाही. २०१८च्या नियमावलीत संशोधन गुण सहा गटांपैकी किमान तीन गटांतून यायला हवेत. पेपर हा एक गट. पुस्तके, प्रकरणे आणि अनुवाद दुसरा. ऑनलाइन अभ्यासक्रम, ई-साहित्य तिसरा. पीएच.डी. मार्गदर्शन आणि प्रकल्प मिळून चौथा. मग पेटंट व पुरस्कार, आणि व्याख्याने. व्याख्याने आणि धोरण दस्तऐवज मिळून ३० टक्क्यांच्या वर धरत नाहीत. आता गणित: विज्ञानात एका पेपरला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनांहून जास्त असतील तर मुख्य किंवा करस्पॉन्डिंग लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे विज्ञानातल्या चार जणांच्या पेपरात तिसऱ्या क्रमांकावर नाव असेल तर हाती २.४. इम्पॅक्ट फॅक्टरचे गुण वर मिळतात, पण ते आपोआप कुणी धरत नाही, पुरावा तुम्ही जोडायचा. अकरा पेपरांत तुमचे नाव कुठे आहे ते आज मोजा. पूर्ण झालेल्या १० लाखांवरील प्रकल्पाला १० गुण, त्याखाली ५, आणि संयुक्त असेल तर मुख्य व सहसंशोधकाला निम्मे-निम्मे. मराठीच्या प्राध्यापकांनी एक ध्यानात ठेवावे: अनुवादित पुस्तकाला ८ आणि अनुवादित प्रकरण वा शोधनिबंधाला ३ गुण आहेत. हा गट बहुतेक जण रिकामाच सोडतात.

केअर यादी बंद केल्याचे यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केले आणि नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली. पेपर छापला त्या दिवशी ते नियतकालिक यादीत होते याचा पुरावा तुम्हीच जपायचा आहे: यादीच्या पानाची तारखेसह प्रिंट. जानेवारी २०२५मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा आला, त्यावरून स्टाफरूममध्ये बरेच तर्क चालतात. मसुद्यावर फाइल तयार करू नका.

४,५०० रुपयांचा मेल कचऱ्यात टाका. सात दिवसांत परीक्षण होत नाही.

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी बाळ झाले. गाइड म्हणतात, सहा वर्षांत झाले नाही तर नोंदणी रद्द. खरे का?

अर्धेच. २०२२च्या यूजीसी नियमांत प्रवेशापासून कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवस रजाही आहे. यातले काहीच आपोआप लागू होत नाही. रजेचा अर्ज गाइड आणि संशोधन केंद्रामार्फत विद्यापीठाकडे, पोचपावती घेऊन. पुनर्नोंदणीचा अर्ज सहावे वर्ष संपायच्या आधी. फेलोशिप घेत असाल तर रजेची प्रत फेलोशिप देणाऱ्या संस्थेला स्वतंत्र पाठवा. विद्यापीठाला कळवले म्हणजे तिकडे कळते असे नाही.